खुंटाचे फुटवे

दोनशे सतरा नंबरचं झाड पाडलं त्या दिवशी विशाखा दुपारी नेहमीसारखी जेवली. डब्यात कुळथाची पिठी आणि भात होता, वर सासूबाईंनी तळून दिलेली सांडगी मिरची. तिनं शेवटच्या शितापर्यंत सगळं संपवलं, डबा विसळला आणि खिडकीत पालथा घातला. बाहेर रोपवाटिकेतल्या बायका माना वळवून वळवून बघत होत्या. बाई आज तरी रडेल, निदान डबा न उघडता परत नेईल, अशी त्यांची अटकळ होती. बाईनं त्यांची साफ निराशा केली.

ते झाड तिच्या नवऱ्याचं होतं. गौरेश गवस तिच्यासारखाच काजूचा पैदासकार, म्हणजे नव्या जाती काढणारा. तिळारीच्या खोऱ्यातल्या काजू बागायतदार संघाच्या संशोधन केंद्रात दोघं काम करायची, लग्नही तिथंच जमलं. गौरेश मार्चमध्ये गेला. केंद्रातल्या हजारो झाडांपैकी ज्या एकावर त्याचा जीव होता, त्या झाडाच्या नंबरापुढे ऑक्टोबरात विशाखानं स्वतःच्या बोटानं ‘काढा’ हे बटण दाबलं. उपटणीच्या यंत्रानं ते मुळासकट वर काढलं आणि तासाभरात त्याचा भुसा केला. तिच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. तसा कौलच आला होता.

‘कौल’ हे नाव मजुरांनी ठेवलेलं. झाडाचं भविष्य सांगणाऱ्या त्या संगणक यंत्रणेचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते केंद्राच्या पाटीशिवाय कुठं कोणी उच्चारत नसे. पण देवळात देवीच्या अंगावर पाकळ्या लावून ‘होय की नाही’ विचारायचं आणि इथं पडद्यासमोर उभं राहून ‘ठेवा की काढा’ विचारायचं, यात मजुरांना काही फरक दिसला नाही. हळूहळू साहेब लोकही कौलच म्हणू लागले.

पूर्वी काजूची नवी जात काढायची म्हणजे दोन चांगली झाडं निवडायची, एकाच्या मोहरातला पराग दुसऱ्याच्या फुलावर हातानं लावायचा, धरलेली बी पेरायची आणि मग वाट बघत बसायचं. झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोहरतं, पण ते खरं कसं आहे हे कळायला आठ-दहा वर्षं जातात. बी केवढी येते, ढेकण्या किडा पडला तर काय होतं, डिसेंबरात पाऊस आला तर मोहर टिकतो का, हे सगळं डोळ्यांनी बघावं लागे. सबंध नोकरीत एखाद्याच्या दोन जाती निघाल्या तर निवृत्तीला लोक त्याचा सत्कार करत. आणि इकडे हवा तर दर दोन वर्षांनी तऱ्हा बदलत होती. हिवाळ्यात पाऊस पडू लागला, मोहर काळा पडू लागला, दमट हवेत शेंड्याकडून खाली उतरणारा शेंडेमर नावाचा नवा रोग शिरला आणि भर उत्पन्नातली झाडं उभ्या उभ्या वाळायला लागली. जात तयार होईपर्यंत, ती ज्या हवेसाठी केली ती हवाच उरत नव्हती.

नव्या यंत्रणेनं वाट बघणंच काढून टाकलं. रोपाचं एक पान द्यायचं. त्यातला जनुकांचा मजकूर, काही कोटी अक्षरांचा, ती वाचायची. तसलाच मजकूर असलेल्या हजारो झाडांचं पुढं काय झालं याची माहिती तिच्यापाशी होतीच. येत्या चाळीस वर्षांचा पाऊस, धुकं आणि उष्मा यांचे अंदाजही होते. या सगळ्याचा मेळ घालून ती ते झाड वाढवायची, जमिनीत नव्हे तर गणितात. सकाळी पान दिलं की दुपारच्या चहापर्यंत झाडाचा अख्खा जन्म पडद्यावर यायचा. पहिला मोहर कधी, बी किती ग्रॅमची, कुठल्या वर्षी काय सोसेल आणि शेवटच्या ओळीत, कधी आणि कशानं मरेल. खाली दोन बटणं, ‘ठेवा’ आणि ‘काढा’. जुन्या झाडांची पानं देऊन लोकांनी तिची परीक्षा घेऊन पाहिली, पण ती चुकेना. मग शंभरातली अठ्ठ्याण्णव रोपं वीतभर असतानाच उपटली जाऊ लागली. ‘ठेवा’साठी किती गुण हवेत ही चाळणी विशाखानंच ठरवली होती आणि ती बारीक ठेवली होती. बागायतदारांना उत्तमातलं उत्तमच द्यायचं, असं तिनं सभेत सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

दोनशे सतराची शेवटची ओळ होती, ‘अकरावं वर्ष, शेंडेमर.’ तिनं ती वाचली आणि बटण दाबलं. मग जेवणाची वेळ झाली होती.

नवरा गेल्यापासून बाई दगड झाली, असं लोक म्हणत. लोकांचं थोडं चुकत होतं. दगड ती आधीच झाली होती, गौरेश जिवंत असताना.

गौरेशला माकडताप झाला. माकडांच्या अंगावरची गोचीड माणसाला चावते आणि ताप चढतो. काजूच्या मोसमात बागेत जाणाऱ्या प्रत्येकाला त्याची धास्ती असते. त्यासाठी अंगाला लावायचं एक तेल मिळतं. गौरेशला ते चिकट वाटायचं. “मला चावून गोचीडच मरेल,” असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. त्याच्या विनोदांना बहुतेक वेळा तो एकटाच हसे.

मोठ्या इस्पितळात हलवलं तेव्हा तिथंही तसलीच यंत्रणा होती. रक्त वाचायची आणि पुढचं सांगायची. तिथला तरुण डॉक्टर भला माणूस होता. तो विशाखासमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही याच कामातल्या आहात म्हणून दाखवतो. एरवी आम्ही नातेवाइकांना पडदा दाखवत नाही.”

पडद्यावर एक रेष होती. ती खाली जात होती आणि पुन्हा वर येत नव्हती. तसल्या रेषा विशाखाला त्या डॉक्टरपेक्षा चांगल्या वाचता येत होत्या. “समजलं,” ती म्हणाली आणि तिच्या आतलं काहीतरी तिथंच मिटलं.

गौरेशला मात्र ती रेष दिसली नव्हती, त्यामुळे तो जगत राहिला. आठवड्याहून जास्त जगला. काही सकाळी ताप उतरायचा, तेव्हा तो पेज मागायचा, नर्सची टिंगल करायचा, खिडकीतून दिसणाऱ्या आंब्याला यंदा मोहर कमी आहे म्हणून हळहळायचा. विशाखा त्या वेळात गाडी ठरवत होती, गावी फोन करत होती, कोणाकोणाला कळवायचं ते मनात जुळवत होती. माणूस समोर बोलत होता आणि ती त्याच्या मागचं आवरत होती. एका सकाळी त्यानं तिचं मनगट धरलं.

“दोनशे सतराचे फुटवे काढलेस?”

दोनशे सतरा हे कलम होतं. लवकर फळावर यावं म्हणून गौरेशनं त्या नव्या रोपाची काडी जुन्या दणकट जातीच्या खुंटावर बांधली होती. कलम म्हणजे दोन झाडांचं एक झाड, खाली मुळं धरणारा खुंट आणि वर आपल्याला हवी ती जात. पण खुंटालाही जीव असतो. जोडाच्या खालून त्याचे स्वतःचे फुटवे निघतात आणि ते वेळेवर मोडले नाहीत तर जोरानं वर जाऊन कलमात मिसळतात. पानावरून फरक कळत नाही. नव्या कलमकारांच्या वर्गात विशाखाचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, आधी जोड शोधा, मग वर बघा.

“काढले,” ती म्हणाली. काढले नव्हते. त्या दिवसांत बाग तिच्या डोक्यातही नव्हती.

“बरं केलंस. माजतात लेकाचे,” गौरेश म्हणाला आणि त्याला झोप लागली. दोघांमधलं नीट असं शेवटचं बोलणं हेच.

जानेवारीत यतीन नाईक तिच्या टेबलाशी आला. केंद्रातलं संगणकाचं काम तो बघायचा. हुशार आणि घाईतला पोरगा. चहाचा कप हातात घेऊनच फिरायचा.

“मॅडम, एक गंमत दाखवू? जुन्या झाडांचे आईबाप तपासत होतो. दोनशे सतराची आई कोण?”

“तिळारी सहा, आपलीच जात. बाप केरळातला.”

“मग हे बघा. या पानात ना आईची खूण, ना बापाची. हे त्यांचं पोरच नव्हे. हे जुळतंय आपल्या फाटकाजवळच्या म्हाताऱ्या झाडांशी. कोणीतरी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, दुसरं काय!”

फाटकाजवळच्या म्हाताऱ्या झाडांच्या बियांपासूनच केंद्र खुंट तयार करत असे. विशाखाला दुसरं काही विचारावंच लागलं नाही. पान घेतलं त्या दिवशी पाऊस धो धो कोसळत होता, एका हातात छत्री होती, रांगेतल्या झाडांची पानं घ्यायची होती. दोनशे सतरापाशी गुडघ्याशी एक तजेलदार डहाळी पुढं आली होती. हात तिथं सहज पोचला. जोड बघायला वाकावं लागलं असतं. त्या दिवसांत ती कशासाठीच वाकत नव्हती.

“चिठ्ठी बरोबर आहे,” ती म्हणाली. “पान मी घेतलं. खुंटाच्या फुटव्याचं घेतलं.”

यतीनचा कप तोंडापाशी थांबला. “म्हणजे दोनशे सतराचा कौल...”

“लागलाच नाही कधी. खुंटाचा कौल लागला. झाड मात्र त्याचं पाडलं.”

यतीन काहीतरी सांत्वनाचं पुटपुटून निघून गेला. विशाखा आता आपल्याला काय होतंय याची वाट बघत बसली. परीक्षेत दुसऱ्याच कोणाचा तरी निकाल ऐकावा तसं तिला ते ऐकू आलं. याचीच तिला थोडी भीती वाटली, पण तीही लांबूनच.

संध्याकाळी घरी सासूबाई ओले काजूगर सोलत होत्या. हिरव्या बीचा चीक हात जाळतो म्हणून खोबरेल चोपडून, विळीवर एकेक बी चिरून गर बाहेर काढायचा हे किचकट काम. शालनकाकी म्हणून सगळा गाव त्यांना ओळखायचा. मुलगा गेल्यावर त्या ढसढसा रडल्या, महिनाभर रडल्या आणि मग उठून कामाला लागल्या. सून रडत नाही हे त्यांनी पाहिलं होतं, त्यावर बोलल्या मात्र नव्हत्या.

“आई, गौरेशचं झाड मी चुकून पाडलं,” विशाखानं सांगितलं. कसं ते सगळं सांगितलं. कलमं त्यांनी जन्मभर पाहिली होती, त्यामुळे फार समजवावं लागलं नाही.

“म्हणजे तू त्या झाडाक विचारूकच नाय,” शालनकाकी म्हणाल्या. “भलत्याकच विचारलंस.”

“हो.”

“आणि माका हे असा सांगतंस, जसा काय दूध नासला. रडाक येणा नाय गो तुका?”

“नाही येत, आई.”

शालनकाकींनी विळी बाजूला सरकवली. मग तेलाचे हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, “देवीच्या राईत एक आसा.”

“काय आहे?”

“ताच झाड. माका नंबर-बिंबर सांगू नको, माझ्या कडेर बसान गेला ता. तू तेव्हा पुण्याक गेललंस, त्या यंत्राचा शिकूक. तेणां पिशवी माझ्याकडे दिल्यान आणि माका सांगता कसो, ‘आये, जोडाक हात लावू नको, पिशयेक धर.’ मीया काय कलम कधी बघूक नाय?”

गवसांच्या घरात ही रीत होती. घरच्या माणसानं बांधलेल्या नव्या जातीचं पहिलं कलम सातेरी देवीच्या राईत लावायचं. केंद्राच्या नियमात ते बसत नव्हतं. न पारखलेलं कलम कुंपणाबाहेर जाता कामा नये. म्हणूनच गौरेशनं ते आईच्या कडेवरून नेलं होतं आणि बायकोला सांगायचं टाळलं होतं. नियम तिचेच होते.

“मला त्याचं एक पान हवंय,” विशाखा म्हणाली.

“राईतली काडी कोण भायर काढीत नाय. पान होया तर देवीक विचारूचा लागात. कौल लावचो लागतलो.”

हेवाळशेत हे गौरेशचं गाव केंद्रापासून जवळच. सातेरीचं देऊळ लहान, कौलारू, मागं दाट राई. बाबी गावकर, देवळातली गाऱ्हाणी घालणारा साठीचा माणूस, अंघोळ करून ओलेत्यानं उभा होता. विशाखाबरोबर शालनकाकी होत्या आणि यतीनही आला होता, पान थंड ठेवायची पेटी घेऊन. बाबीनं देवीच्या पाषाणाला पाणी लावलं आणि डाव्या-उजव्या बाजूंना फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

“बाय माझे सातेरी! गवसांची सून आज तुझ्या पायाकडे इली आसा. तिच्या घोवान लावलेल्या झाडाचा एक पान ती मागता. देवचा असात तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी. आणि तिच्या मनात काय गुंतो असात तो सोडय गे बाय!”

“व्हय म्हाराजा!” शालनकाकींनी एकट्यानंच जोरात साथ दिली.

मग काहीच झालं नाही. पाकळ्या जिथल्या तिथं होत्या. बाहेर कोणाचं तरी वासरू हंबरत होतं. यतीननं पेटी या हातातून त्या हातात घेतली आणि शेवटी न राहवून विचारलं, “साधारण किती वेळ लागतो?”

“देवीक घाई नाय,” बाबी गावकर म्हणाला. “तुमका असात तर तुमी जावा.”

विशाखा खाली बसून पाषाणाकडे बघत राहिली. उत्तराची वाट बघत बसणं तिला कित्येक वर्षांत माहीत नव्हतं. इस्पितळात तर तिनं वाट अशी पाहिलीच नाही, उत्तर आधी मिळालं होतं. आता पाकळीकडे बघताना ती दोन्ही उत्तरं मनात घोळवू लागली. झाड उत्तम निघालं तर आपण त्याला फुकट मारलं. वाईट निघालं तर गौरेश शेवटपर्यंत फसला. दोन्हीतलं कुठलं सोसेल हे तिला कळेना आणि पाकळी अशीच चिकटून राहावी असं तिला मनापासून वाटलं. मनापासून काही वाटण्याची ही दहा महिन्यांतली पहिलीच वेळ, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा उजवीकडची पाकळी सुटून खाली पडली.

“दिल्यान,” बाबी म्हणाला. “एकच पान. आणि तुमचा काम झाल्यावर उरात ता परत हाडून झाडाच्या बुडाक घालूचा. देवीचा भायर ऱ्हवता नये.”

राईत लोखंड नेत नाहीत. विशाखानं खिशातला कलमाचा चाकू कडेच्या दगडावर काढून ठेवला आणि ती आत गेली. झाड तिच्याहून उंच झालं होतं आणि मोहरलं होतं. ती आधी वाकली. पाचोळा बाजूला करून जोड शोधला, बोटानं चाचपला. जोडाच्या खाली खुंटाचे फुटवे माजले होते, एक तर फांद्यांत घुसून वरपर्यंत गेला होता. दोन मोसम त्यांना कोणी हात लावला नव्हता. तिचा हात तिकडे गेला.

“एकच पान!” राईच्या कडेवरून बाबी ओरडला. “बाकीच्याचो कौल घेवक नाय!”

तिनं हात आवरला. जोडापासून फांदीचा माग काढत नजर वर नेली आणि शेंड्याजवळचं एक पान खुडलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला दोनशे सतराचा जन्म पडद्यावर आला. यतीन आधी वाचत होता. त्याचा चेहरा बघून विशाखाला काही ठरवता येईना.

“शेंडेमर सोसतंय,” तो म्हणाला. “हिवाळी पावसात निम्मा मोहर टिकतो, हे चांगलं आहे. पण बी बारीक. साडेपाच ग्रॅम. उत्पन्न साधारण. मरण पस्तिशीच्या आसपास, म्हातारपणानं. एकूण गुण एकावन्न.” त्यानं कप खाली ठेवला. “आपली चाळणी सत्तरची.”

“हो.”

“म्हणजे मॅडम, तुम्ही त्या दिवशी बरोबर पान दिलं असतं ना, तरी...”

“तरी मी ‘काढा’च दाबलं असतं.”

“तेच म्हणतोय. चुकीमुळे तसा काही फरक पडला नाही. मनाला लावून घेऊ नका.” त्यानं ते खरोखर सांत्वन म्हणूनच सांगितलं आणि तो कप विसळायला गेला.

विशाखा पडद्यासमोर एकटी राहिली. इतकी वर्षं ती निकाल शेवटच्या ओळीकडून वाचायची. कधी मरेल, कशानं मरेल, मग गुण, मग बटण. आज तिनं पहिल्या वर्षापासून वाचायला घेतलं. पहिली काही वर्षं वाढीची. सहावं वर्ष, मोहर बरा, बिया थोड्या. सातवं वर्ष, ढेकण्या पडला, पुढं सावरलं. आठवं वर्ष, विशेष काही नाही. नववं, विशेष काही नाही. दहाव्या वर्षी डिसेंबरात पाऊस, बाकीच्या जाती गेल्या, हे थोडंफार लागलं. ती एकेक वर्ष वाचत गेली. झाड नुसतं उभं होतं, पानं गाळत होतं, पुन्हा धरत होतं. अशी सगळी वर्षं चाळणीतून खाली पडायची आणि तिनं ती कधी बघितलीच नव्हती.

गौरेश तरी या झाडाला काय म्हणायचा? थोर आहे, क्रांती करील, असं त्यानं कधीच म्हटलं नव्हतं. तो म्हणायचा, “बरं आहे गं हे झाड.” ती ते विनय समजायची. त्याला खरोखर तेवढंच म्हणायचं होतं. झाड बरं होतं. तोही तसाच होता, तेल लावायचा कंटाळा करणारा, आपल्याच विनोदावर हसणारा, बरा माणूस. त्याच्या शेवटच्या दिवसांतही तसं विशेष काही नव्हतं. पेज होती, नर्सची टिंगल होती, खिडकीतला आंबा होता. ते सगळं समोर घडत होतं आणि शेवटची ओळ वाचून झाली म्हणून तिनं त्याच्यावरून नजर उचलली होती.

“मॅडम, आजच्या रोपांचं काय करायचं?” यतीननं दारातून विचारलं. “चारशे रोपांचे निकाल थांबलेत.”

“थांबू दे,” ती म्हणाली आणि उरलेलं पान कागदात गुंडाळायला लागली.

हेवाळशेतला ती सासूबाईंना घेऊनच गेली. पानाचा उरलेला तुकडा झाडाच्या बुडाशी ठेवून तिनं त्यावर माती लोटली. शालनकाकी राईच्या कडेला उभ्या होत्या.

“काय म्हणता तुझो कौल?” त्यांनी विचारलं.

“साधारण आहे, आई. बी बारीक येईल. फार काही मिळणार नाही त्याच्यापासून.”

“पन वाळान मरूचा नाय मां?”

“नाही. म्हातारं होऊन मरेल.”

“मगे आणि काय होया तुका?” शालनकाकी म्हणाल्या.

विशाखा तिथंच गुडघ्यांवर बसली आणि जोडाखालच्या फुटव्यांकडे बघत राहिली. “आई, हे मोडायचे राहिलेत. पण याचा कौल...”

“मोड गो. देवीक मीया सांगतंय.” आणि शालनकाकींनी देवळाच्या दिशेनं तोंड करून, शेजारणीशी बोलावं तशा आवाजात सांगितलं, “बाय माझे, तुझ्याच झाडाचा काम करता ती. रागा येव नको.”

चाकू तिनं या वेळीही राईबाहेर, कडेच्या दगडावर ठेवला होता. विशाखानं पहिला फुटवा अंगठ्यानं बुडाशी दाबून मोडला. कट्कन आवाज झाला. दुसरा मोडला. तिसरा जून होता, तो दोन्ही हातांनी पिळावा लागला आणि त्याचा चीक तिच्या मनगटावर, गौरेशनं धरलं होतं तिथं, लागला. तो चुरचुरायला लागला. फांद्यांत घुसलेला तिनं सगळ्यांत शेवटी काढला, हळूहळू, मोहर झडू न देता. मग मोडलेले सगळे तिथंच झाडाच्या पायाशी रचून ठेवले आणि जोडावर तळवा टेकला.

“काढले,” ती म्हणाली.

आवाज नेहमीसारखाच निघाला. तिनं पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, “तेव्हा नव्हते रे काढले. आत्ता काढले.” आणि या वेळी शब्द पुरे व्हायच्या आत तिला रडू फुटलं. तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखी, मोठ्यानं ती रडली. इस्पितळातल्या त्या सकाळी जिथं थांबली होती तिथून तिनं सुरुवात केली आणि तिला थांबता येईना.

शालनकाकी पुढं आल्या नाहीत. त्यांनी कडेच्या दगडावरचा चाकू उचलून बाजूला ठेवला आणि त्या जागी पदर सावरून बसल्या. बाबी गावकर देवळातून धावत आला, तेव्हा त्यांनी त्याला हातानंच अडवलं.

“ऱ्हवांदे,” त्या म्हणाल्या. “आमका घाई नाय.”